दाराशी उभी असलेली मुले

गेल्या श्रावणातील एका सायंकाळी आमचे थोरले बंधू वहिनींना म्हणाले, "ती दोन मुले केव्हाची दाराशी उभी आहेत, त्यांना काही खायला दे." दाराशी कोणीही नव्हते. दादांना कंपवात जडून नऊ वर्षे झाली होती. आम्ही ती गोष्ट हसण्यावारी नेली. पुढे मात्र वहिनी आपला पैसा चोरतात, असे ते बोलू लागले. चाळीस वर्षांचा संसार केलेल्या त्या माउलीचे डोळे भरून आले.

घाईत आमच्या हातून एक चूक घडली. कंपवाताचे उपचार करणाऱ्या मेंदूविकारतज्ज्ञांना न विचारता आम्ही ओळखीच्या डॉक्टरांकडून गोळी घेतली. ती हॅलोपेरिडॉलची होती. काही दिवसांतच दादांचे अंग लाकडासारखे ताठरले, घास गिळणेही अवघड झाले.

कारण नंतर समजले. कंपवातात मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी झिजतात. लेव्होडोपासारखी औषधे ती उणीव भरून काढतात, तर भ्रमावरील बहुतेक औषधे डोपामिनचेच कार्य अडवतात. एका हाताने खात्यात भरणा करावा आणि दुसऱ्या हाताने खातेच गोठवावे, तसा हा प्रकार. रिस्पेरिडोन आणि ओलान्झापिन यांबाबतही हाच धोका असतो.

तज्ज्ञांनी ती गोळी बंद केली आणि प्रथम लघवीतील जंतुसंसर्ग, शरीरातील पाण्याची कमतरता व बद्धकोष्ठता तपासली. कारण वृद्धांमध्ये एवढ्यानेही भ्रम बळावतो. मग ट्रायहेक्सिफेनिडिल हळूहळू थांबवले. अशा वेळी अन्य पूरक औषधे आधी कमी करतात. लेव्होडोपाला हात शेवटी लावतात. तरीही भ्रम उरल्याने क्वेटियापिन अत्यल्प मात्रेत, रात्री सुरू केले. क्लोझापिनचा गुण अधिक सिद्ध झालेला आहे. परंतु त्याने रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने घटू शकतात, म्हणून नियमित रक्ततपासणी अपरिहार्य असते. डोपामिनला न अडवणाऱ्या पिमाव्हान्सेरिनला अमेरिकेत 2016 साली मान्यता मिळाली. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांत या वर्गातील औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. म्हणूनच मात्रा लहान आणि देखरेख सततची हवी.

वाचकहो, घरात असा रुग्ण असेल तर तीन गोष्टी अवश्य कराव्यात. सर्व औषधांची यादी जवळ बाळगावी व प्रत्येक डॉक्टरांना दाखवावी. कोणतेही औषध स्वतःहून सुरू वा बंद करू नये. आणि भास होतात हे सांगण्यास संकोचू नये. तो वेडेपणा नव्हे, त्या रोगाचाच एक भाग आहे. रुग्णाशी वाद घालू नये. संध्याकाळी खोलीत पुरेसा उजेड ठेवावा.

ती मुले अजूनही क्वचित येतात. दादा वहिनींकडे पाहून विचारतात, "ही खरी नाहीत ना?" वहिनी मान हलवतात, आणि दोघेही जेवायला बसतात.