काढ्याने न भरणारी उणीव



‘सारख्या आजारी पडणाऱ्या मुलांना काढा द्या’ हे गेल्या अंकातील पत्र वाचून राहवले नाही. माझ्या भाच्याला आम्ही तेच पाजत होतो. पहिले सहा महिने बाळ ठणठणीत. आईकडून आलेली प्रतिपिंडे संपली आणि कान वाहणे, न्यूमोनिया मागे लागले. पुढे एका डॉक्टरांनी बॅटरी मारून घसा पाहिला, तर टॉन्सिल जवळजवळ नव्हतेच! तिथून तपासाची दिशा बदलली आणि शरीरात प्रतिपिंडेच तयार न होण्याचा आजार निघाला.

हा आजार अमेरिकेत डॉ. ऑग्डेन ब्रूटन यांनी १९५२ मध्ये आठ वर्षांच्या मुलात ओळखला. दोषी जनुक १९९३ मध्ये सापडले. त्या जनुकापासून बनणारे ‘बीटीके’ हे प्रथिन बी पेशींना वाढीचा निरोप पोचवते. तो पोचला नाही की पेशी अस्थिमज्जेतच अर्धवट अडकतात. प्रतिपिंडे घडवणाऱ्या पेशीच नाहीत, तर काढा बळ कोणाला देणार?

भाच्याला दर तीन-चार आठवड्यांनी शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडे, देतात. थेंब थेंब, काही तास. अशा मुलांना तोंडावाटे पोलिओचा डोसही धोक्याचा. परळला केईएमच्या आवारातील आयसीएमआरच्या संस्थेत याचे निदान होते. पत्रलेखकांनी काढ्याआधी रक्तातील आयजीजी प्रतिपिंडे तपासायला सांगायला हवे होते.

– एक वाचक, बुरोंडी, ता. दापोली