वॉकी-टॉकीवरचं ‘आयपी६७’ : वऱ्हाडाच्या धुळीत आणि पावसात किती खरं?

श्रावणातला शेवटचा सोमवार म्हणजे अकोल्यात कावड. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन मंडळं रात्रभर चालतात आणि राजराजेश्वराला जलाभिषेक होतो. त्या गर्दीत मोबाईल लागेलच याचा भरवसा नाही, म्हणून काही पोरांच्या कमरेला वॉकी-टॉकी असतो. ओळखीतल्या एका मंडळाचा असाच सेट अर्ध्या रस्त्यात बंद पडला. खोक्यावर ‘वॉटरप्रूफ, आयपी६७’ छापलेलं. पाऊस तर साधाच होता. मग पाणी शिरलं कुठून?

दोन आकडे, दोन वेगळ्या परीक्षा

आयपी म्हणजे ‘इनग्रेस प्रोटेक्शन’, आत शिरण्यापासून संरक्षण. आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकात याच्या चाचण्या ठरवून दिल्या आहेत. ६७ हा ‘सदुसष्ट’ नाही, तो ‘सहा’ आणि ‘सात’ असा वाचायचा.

पहिला आकडा धुळीचा. ५ म्हणजे थोडी धूळ आत जाईल, पण काम अडणार नाही. ६ म्हणजे धूळ आत जाणारच नाही. आकड्याच्या जागी ‘एक्स’ असेल, उदाहरणार्थ आयपीएक्स७, तर धुळीबद्दल कंपनी काहीच सांगत नाहीये.

दुसरा आकडा पाण्याचा:

- ४ : सगळीकडून उडणारे शिंतोडे
- ५ : मिनिटाला १२.५ लिटर पाण्याची धार
- ६ : मिनिटाला १०० लिटरची जोरदार धार
- ७ : १ मीटर पाण्यात ३० मिनिटं
- ८ : ७ पेक्षा कडक परीक्षा, खोली आणि वेळ कंपनीनं सांगायची

इथंच बरेच जण फसतात. ७ वाला सेट ६ ची परीक्षा पास असतोच असं नाही. शांत पाण्यात बुडणं वेगळं आणि जोराची धार अंगावर येणं वेगळं. दोन्ही पास असेल तर आयपी६६/आयपी६७ असं दोनदा लिहिलेलं असतं.

मग तो सेट का गेला?

इयरफोन लावायचा म्हणून बाजूचं रबरी झाकण उघडं होतं. वॉकी-टॉकीचा आयपी आकडा बॅटरी नीट बसलेली, अँटेना घट्ट आणि झाकण बंद असतानाचा असतो. साधा इयरफोन खोचला की तिथं पाण्याला दार उघडंच. ज्याला इयरफोन लागणारच आहे, त्यानं तो लावल्यावरही आकडा टिकतो का, हे आधी विचारावं.

दुसरं, परीक्षा नव्या सेटवर आणि गोड्या पाण्यात होते. आपल्याकडे पूर्णाकाठचा खारपाणपट्टा आहे, घाम आहे, फवारणीचं औषध आहे. त्यांची हमी हा आकडा देत नाही. मे महिन्याच्या उन्हात, दोन-तीन पडझडींनंतर रबरी सीलही पहिल्यासारखं राहत नाही.

तुमच्या फोनलाही हेच लागू. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयानं सॅमसंगला १.४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. फोन स्विमिंग पूल आणि समुद्रात वापरता येतो असं जाहिरातीत सुचवलं होतं. प्रत्यक्षात तशा पाण्यानंतर ओलाच चार्ज केला तर चार्जिंग पोर्ट गंजू शकत होता. त्या फोनना आयपी६८ होतं, तरीही.

सरकार काय बघतं, काय नाही

मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं वॉकी-टॉकीच्या बेकायदा ऑनलाइन विक्रीबद्दल १३ नोटिसा काढल्या आणि त्याच महिन्यात नवी मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांचा भर फ्रिक्वेन्सी, परवाना आणि उपकरणाची मंजुरी यांवर आहे. विनापरवाना वापरायचा असेल तर कमी शक्तीचा, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर चालणारा आणि ईटीए मंजुरी असलेला सेट घ्यावा. हे तपासल्याशिवाय आयपीकडे बघूच नका. मात्र आयपीचा आकडा वाचून समजून घेणं शेवटी आपल्यावरच.

घेताना काय बघायचं?

कावडीसाठी किंवा शेतासाठी दोन्ही आकडे दिलेला सेट घ्या. नुसतं ‘वॉटरप्रूफ’ लिहिलं असेल तर सोडून द्या. पावसाच्या धारेत राहायचं असेल तर दुसरा आकडा ५ किंवा ६ आहे का बघा, नदी-नाला ओलांडायचा असेल तर ७. पाण्यानं झालेला बिघाड वॉरंटीत बसतो का, हे दुकानदाराला विचारा. खारं पाणी लागलं तर झाकण बंद ठेवून ओल्या फडक्यानं पुसा, पूर्ण वाळवा, मगच चार्जिंगला लावा.

कावडीत सेट बंद पडला तर फार तर चुकामूक होते. मेळघाटात नेटवर्क नसलेल्या जंगलात गस्तीवर असलेल्या माणसाकडे बोलायला दुसरं काहीच नसतं. म्हणून खोक्यावरचा आकडा वाचा आणि निघण्याआधी ते छोटं रबरी झाकण एकदा दाबून बघा.