गाडी उचलायची की रस्ता नीट करायचा?

गेल्या रविवारी माझ्या भाच्याचा हात थोडक्यात वाचला. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

आमची गाडी बारा वर्षांची, छोटी हॅचबॅक. घर ते बाजारपेठ या रस्त्यावर सात गतिरोधक. गाडीत पाच माणसं बसली की शाळेजवळच्या गतिरोधकावर पोट घासणारच. भाचा म्हणाला, "मामा, स्प्रिंगमध्ये बफर टाकू. गाडी उचलली जाते. व्हिडिओ बघितलाय मी, अर्ध्या तासाचं काम आहे." दीड हजारात जोडी घरपोच आली.

अंगणात पेव्हर ब्लॉकवर गाडीतलाच जॅक लावला, पुढचं चाक काढलं. खाली स्टँड नाही, मागच्या चाकाला दगडाची उटी नाही. साबणाचं पाणी लावून तो स्प्रिंगच्या वेढ्यात बफर दाबत होता. बसेना म्हणून जोर लावला, जॅकखालचा ब्लॉक खचला आणि गाडी धाडकन डिस्कवर आपटली. हात त्याने सेकंदभर आधी बाहेर काढला होता. ताई आत चहा टाकत होती. तिला अजून सांगितलेलं नाही, आता ही पोस्ट वाचून कळेल.

तरी हट्टाने बफर बसवलेच. गाडी बोटभर उचलली गेली, पोट घासायचं थांबलं. पण लहान खड्ड्यातसुद्धा दणके थेट कमरेत. आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेलो. तीस वर्षं गाड्यांखाली काढलेला माणूस. म्हणाला, "साहेब, स्प्रिंगचं काम दबण्याचं. तुम्ही मधे गोटी घातलीत, ती दबणार कशी? सगळा भार उरलेल्या वेढ्यांवर. आणि शॉकअप कंपनीने जुन्या स्प्रिंगच्या हिशोबाने दिलाय."

मंडळी, घरी गाडीचं काम करू नका, असं मी म्हणणार नाही. गॅरेजची मजुरी प्रत्येकाला परवडत नाही, आणि हाताने काम शिकण्यात कमीपणाही नाही. पण काही गोष्टी पाळाच. जॅक फक्त उचलायला. अंग किंवा हात खाली घालायचा तर कडक, सपाट जमिनीवर स्टँड हवाच. शॉकअप बदलायचे तर जोडीने. रबरी बुशमधून जाणारे बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकांवर गाडीचं वजन आल्यावर. लटकत्या गाडीत आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पुढच्या शॉकअपवरचा मधला नट स्प्रिंग दाबून धरणाऱ्या हत्याराशिवाय कधीच खोलू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेते. काम झालं की अलाइनमेंट करून घ्या.

आता मूळ मुद्दा. कंपनीने जशी बनवली तशी गाडी मला अडचणीची का वाटली? गाडीत दोष नव्हता. दोष शाळेजवळच्या गतिरोधकात आहे.

गतिरोधक कसा असावा हे इंडियन रोड्स काँग्रेसने लिहून ठेवलंय. गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच. ताशी २५ किलोमीटर वेगाने गाडी त्यावरून आरामात जावी, हा त्यामागचा हिशोब. अलीकडे सूचनाफलक आणि वर पांढरे पट्टे हवेत. काल टेप घेऊन गेलो. शाळेजवळचा गतिरोधक भरला १९ सेंटिमीटर उंच आणि जेमतेम एक मीटर रुंद. पट्टा नाही, फलक नाही. याला गतिरोधक कोण म्हणेल? हा तर बांध झाला!

कायद्याची गंमत बघा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. कलम १८२अ प्रमाणे मालकाने परवानगी नसलेला बदल गाडीत केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीत कलम १९८अ आलं. रस्ता प्रमाणाप्रमाणे न बांधणाऱ्या, न राखणाऱ्या जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. पण कधी? तर त्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर. म्हणजे माझी चूक बफर बसवताक्षणी मोजली जाऊ शकते, त्यांची चूक मोजायला आधी कुणीतरी पडावं लागतं.

आणि माझ्याकडे बफरला दीड हजार तरी होते. त्याच बांधावरून मागे बायको आणि कडेवर लेकरू घेऊन जाणाऱ्या दुचाकीवाल्याने कुठला बफर टाकायचा? रिक्षात कळा सोसत दवाखान्यात निघालेल्या बाईने काय करायचं?

मी बफर काढून टाकलेत, या वेळी गॅरेजात. सोमवारी मोजमाप आणि फोटो जोडून लेखी अर्ज देणार आहे आणि पोच घेणार आहे. तुम्हीही आपापल्या गल्लीतला गतिरोधक मोजा. उंची, रुंदी आणि फोटो कमेंटमध्ये टाका. यादी झाली की सगळे मिळून अर्ज देऊ.

रस्ते आहेत तसेच ठेवून किती दिवस गाड्याच उचलत बसायचं?