लाँच सुटण्याची वेळ

प्रवासी जहाजाच्या कॅप्टनचा दिवस सुकाणूपाशी कमी आणि वेळापत्रकापाशी जास्त जातो. सुकाणू धरायला दुसरा माणूस असतो. कॅप्टनला सांभाळायचा असतो हिशेब, आणि तोही उलटा. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली तेव्हा प्रवाशाच्या लेखी मामला सोपा होता: संध्याकाळी बसायचे, सकाळी गोव्यात उतरायचे. पण जहाजावर आधी ठरते ती पोचण्याची वेळ. बंदरात धक्का कधी मोकळा आहे, भरती कधी आहे, वाट दाखवणारा पायलट कधी चढणार, हे पाहायचे. तिथून मागे येत येत वेग, वेगावरून इंधन, आणि सर्वांत शेवटी सुटण्याची वेळ.

हे कॅप्टनच्या मर्जीवर सोडलेले नाही. सागरी सुरक्षेच्या ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय करारानुसार निघण्यापूर्वी संपूर्ण प्रवासाचा आराखडा तयार असावाच लागतो. त्याच करारात आणखी एक कलम आहे, आणि आमच्या मते ते जास्त मोलाचे आहे: सुरक्षिततेसाठी कॅप्टनने घेतलेल्या निर्णयात जहाजाचा मालकही आडवा येऊ शकत नाही. अर्थात हा अधिकार जहाज थांबवण्यासाठी आहे, मिरवण्यासाठी नाही. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ आखलेला मार्ग सोडून किनाऱ्याला खेटायला गेली, खडकावर आपटली आणि ३२ जणांचा जीव गेला. मार्ग सोडायला लावणारा खुद्द कॅप्टनच होता.

सातारा-सांगलीच्या वाचकाने म्हणावे, आम्हाला याचे काय? समुद्र घाटाखाली राहिला. पण कोयनेच्या शिवसागर जलाशयावर रोज माणसे पाण्यावरूनच ये-जा करतात. धरण झाले, खोऱ्यातल्या जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या, आणि कोयना, सोळशी, कांदाटी या खोऱ्यांतल्या गावांना लाँच हीच एसटी झाली. सातारा जिल्हा परिषदेच्या लाँच आणि गाड्या पलीकडे नेणारा तराफा, शिवाय तापोळा-बामणोलीच्या बोट क्लबांच्या बोटी, यांच्यावर इथला दिवस चालतो. शाळेचे मास्तर, दवाखान्याला निघालेली बाळंतीण, मुंबईहून जत्रेला आलेले माथाडी, सिमेंटची पोती आणि एखादी शेळी, सगळे एकाच फळीवरून चढतात.

इथल्या वेळापत्रकाला भरती-ओहोटी नाही, पण तिच्याहून हट्टी अशी एक गोष्ट आहे: धरणाची पातळी. कोयनेची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी. पावसाळ्याच्या शेवटी पाणी पार गावाच्या पायरीशी असते. मग ते उतरू लागते. मोठा वाटा पश्चिमेकडे पोफळीच्या बाजूला वीजनिर्मितीसाठी जातो. उरलेल्यातले धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून नदीत येते, कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि पुढे टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या पंपांपर्यंत पोचते. पायथ्याच्या वीजगृहाची दोन्ही युनिटे चालली की २,१०० क्युसेक पाणी सुटते, म्हणजे दिवसाला सुमारे ०.१८ टीएमसी. सांगलीच्या द्राक्षबागेला पाणी सुटले की इकडे बामणोलीत काठ खाली सरकतो. चैत्र-वैशाखात तर जुन्या घरांची जोती, खोडे, दगड वर येतात. ऑक्टोबरात जिथून लाँच सरळ जात होती तिथे मे महिन्यात वळसा पडतो, आणि उतरल्यावर चिखल तुडवत चढ चढावा लागतो. फेरीला लागणारा वेळ वाढतो, डिझेल वाढते. वेळापत्रक मात्र बारमाही एकच असेल, तर ते कागदापुरतेच उरणार.

चालकांना हे सगळे पाठ असते. कुठल्या महिन्यात कुठली टेकडी डोके वर काढते हे त्यांना नकाशाशिवाय कळते. अडचण अशी की हे ज्ञान त्यांच्या डोक्यातच राहते आणि ते निवृत्त झाले की त्यांच्याबरोबर जाते. जलसंपदा विभागाला कोयनेचा विसर्ग आणि पातळी रोज मोजावीच लागते. तेच आकडे धक्क्यावरच्या फळ्यावर आले आणि त्यावरून दर महिन्याला फेऱ्यांच्या वेळा व मार्ग ठरले, तर त्याला फारसा खर्च नाही. एका खात्याने दुसऱ्या खात्याशी बोलावे एवढेच. तेच आपल्याकडे सर्वांत महाग पडते, हा भाग वेगळा.

वासोट्याचे उदाहरण घ्या. व्याघ्र प्रकल्पातल्या या किल्ल्यावर बामणोलीहून लाँचने साधारण दीड तास, मग पायथ्यापासून दीड-दोन तासांची दाट जंगलातली चढण. मुक्कामाला परवानगी नाही. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. उजेडात बामणोली गाठायची तर पायथ्याहून चारच्या आसपास निघावे लागते, म्हणजे माथा अडीचपर्यंत सोडायला हवा, म्हणजे सकाळी आठच्या पुढे धक्क्यावर चहा पीत बसून चालणार नाही. कॅप्टनचा उलटा हिशेब तो हाच. पण दुपारी साडेचारला पायथ्याशी बाराजणांच्या गटातले तीन अजून उतरायचे असतात, तेव्हा बोटवाल्याने काय करावे? थांबावे तर अंधार, निघावे तर भांडण. जहाजावर याचे उत्तर आधीच जाहीर असते: ठरल्या वेळेला शिडी उचलली जाते. इथे ते उत्तर दरवेळी नव्याने शोधावे लागते, आणि तेही गिऱ्हाइकाचे तोंड बघून.

‘नाही’ म्हणण्याचा हा प्रश्न सांगली जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन पाहिला आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पुरातून माणसे काढणारी बोट उलटली आणि अनेक गावकरी बुडाले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. अशा वेळी बोट चालवणारा गावचाच असतो, चढणारे त्याचे भाऊबंद, कडेवर पोरे. त्याने कुणाला खाली उतरवायचे? त्याला दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. माणसे मोजणारा आणि थांबवणारा धक्क्यावर दुसराच कुणीतरी हवा, ज्याला गावकीची भीड नाही. आणि पहिली फेरी पाणी उंबऱ्याला लागल्यावर नव्हे, तर धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आल्यावर सुटायला हवी. कोयनेतून सोडलेले पाणी सांगलीत पोचायला साधारण एक दिवस घेते. नदीकाठच्या गावाला मिळणारी मुदत तेवढीच, आणि फेऱ्यांचा हिशेब तिच्यातच बसवावा लागतो.

कायदा नाही असे नाही. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. बोटीची नोंदणी, तपासणी, चालकाची पात्रता, सगळे त्यात आहे. पण सोलासमधल्या कलमासारखे काही इथल्या लाँचचालकाच्या वाट्याला यायचे तर ते कार्यालयाने लेखी द्यावे लागेल: वारा उठला, धुके उतरले किंवा माणसे जास्त झाली म्हणून फेरी रद्द केली, तर पगार कापला जाणार नाही आणि जाबही विचारला जाणार नाही. रोजंदारीवरच्या माणसाला हा कागद लाइफ जॅकेटइतकाच लागतो.

तापोळा-अहिर पुलाचे काम हाती घेतल्यापासून लाँचवर खर्च कशाला, असा सूर ऐकू येतो. पुलाने तराफ्यावरची रांग जरूर आटेल. वासोट्याला मात्र पूल जाणार नाही, आणि कांदाटीच्या आतल्या वाड्यांनाही एवढ्यात नाही. पावसाळ्यात वासोटा बंद असतो आणि पर्यटकांच्या फेऱ्या थांबतात. लाँचची तपासणी, प्रत्येक बोटीवर माणसांची कमाल संख्या ठळक रंगवणे आणि पातळीनुसार वेळापत्रके तयार करणे, ही कामे जिल्हा परिषदेने त्या चार महिन्यांत उरकावीत.