जुना संगणक आणि नवा खेळ

आंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपल्या घरांतून नित्य ऐकूं येते. पण चिरंजीवांनीं इंटरनेटवरून एखादा खेळ उतरवून घेण्याचें मनांत आणलें, कीं तिची आठवण कोणासच राहत नाहीं. रात्रभर संगणक चालू राहतो, आणि सकाळीं पाहावें तों खेळ उघडतच नाहीं. मग 'हें यंत्र जुनाट झालें, नवें घ्या' असा हट्ट सुरू होतो. वडील माणसें एक तर रागावतात, किंवा मुलाच्या तोंडाकडे पाहून निमूटपणें पैसे मोजतात. दोन्ही गोष्टी टाळतां येण्यासारख्या आहेत, असें आम्हांस वाटतें.

खेळाच्या विक्रीपानावर त्यास लागणारी सामग्री बहुधा दोन परींनीं दिलेली असते: किमान व शिफारस केलेली. पहिलीनें खेळ कसाबसा चालतो, दुसरीनें सुखानें. तिच्याशीं आपलें यंत्र ताडून पाहावें. विंडोजची कळ व 'आर' एकदम दाबून येणाऱ्या चौकटींत डी, एक्स, डी, आय, ए, जी हीं सहा इंग्रजी अक्षरें लिहावीं व 'एंटर' दाबावें. पहिल्याच पानावर विंडोजची आवृत्ति, प्रोसेसर व रॅम हीं दिसतात. 'डिस्प्ले' या पानावर ग्राफिक्सच्या चिपचें नांव सांपडतें. डिस्कवरील मोकळी जागा निराळी पाहावी.

'एज ऑफ एम्पायर्स २' हा खेळ १९९९ सालीं निघाला, तेव्हां त्यास ३२ मेगाबाइट रॅम पुरे होती. त्याच्याच २०१९ च्या नव्या आवृत्तीस किमान ४ गिगाबाइट रॅम, ३० गिगाबाइट जागा व ६४-बिट विंडोज लागे. खेळ तोच, भूक मात्र १२८ पट! शिवाय ज्या यंत्रांत ग्राफिक्सचें स्वतंत्र कार्ड नाहीं, तेथें चित्रांसाठींही रॅममधूनच वांटा जातो. आणि विंडोज ३२-बिट असेल, तर ६४-बिट खेळ रॅम वाढवूनही चालावयाचा नाहीं.

उणीव नुसती रॅमची असेल, तर ती पुष्कळ यंत्रांत थोड्या खर्चानें भरून काढतां येते. लॅपटॉपची ग्राफिक्स-चिप मात्र सहसा बदलतां येत नाहीं. तेथें जुना खेळच निवडणें शहाणपणाचें. 'स्टीम'वर विकत घेतलेला खेळ न चालल्यास, १४ दिवसांच्या आंत व दोन तासांहून कमी खेळला असतां, पैसे परत मागतां येतात. फुकट मिळणाऱ्या चोरट्या प्रतींच्या वाटेस मात्र कोणीं जाऊं नये. ज्या संगणकावर आजोबांच्या पेन्शनचा व बँकेचा व्यवहार चालतो, त्याच संगणकांत त्या प्रतींबरोबर चोर शिरूं शकतो.

आमची सूचना एवढीच कीं, खेळ काय मागतो व आपल्यापाशीं काय आहे, हे दोन रकाने मुलाकडूनच कागदावर भरून घ्यावे. वडिलांच्या नकारापेक्षां स्वतः केलेला हिशेब मुलास लवकर पटतो. आणि हिशेब जुळलाच, तर वडिलांनाही नकार देण्याचें कारण उरत नाहीं.