पेटींतला स्क्रूपाना

पंचवटींतील आमच्या एका स्नेह्यांकडे परवां माळा आवरतांना त्यांच्या आजोबांची हत्यारांची पेटी निघाली. सगळें लोखंड वजनावर द्यावयाचें ठरलें होतें; मात्र एका स्क्रूपान्याविषयीं घरांत मोठी आख्यायिका. थळ घाटांत आगगाडीचा रस्ता होत असतां, म्हणजे १८६५ च्या आधीं, आजोबांच्या वडिलांस तो एका गोऱ्या साहेबानें बक्षीस दिला म्हणे! चांगली किंमत आल्यास नातीची फी भागेल, अशीही आशा होती. परीक्षेचें काम आम्हांकडे आलें.

स्क्रूनें जबडा सरकविणारा पाना इंग्लंडांत एडविन बडिंग यानें १८४२ च्या सुमारास केला. (हिरवळ कापण्याचें यंत्रही याच गृहस्थाचें.) तेव्हां आख्यायिका अगदींच अशक्य नव्हती. अंगठ्यानें चक्री फिरवावयाचा आजचा घाट रूढ केला तो स्वीडनच्या योहान्सन यानें, १८९१-९२ मध्यें. परंतु क्लायबर्न नांवाच्या इंग्रजाचा पाना त्याच्या कितीतरी आधींचा असून दिसावयास फारसा निराळा नाहीं. म्हणून नुसत्या घाटावर विसंबूं नये, अक्षरें वाचावीं.

स्नेह्यांचे चिरंजीव पॉलिशपेपर घेऊन सरसावले होते, त्यांस आम्ही वेळींच आंवरलें. गंजाबरोबर अक्षरेंही जातात, व अक्षरें गेलीं कीं किंमत गेली. रात्रभर रॉकेलांत ठेवून फडक्यानें पुसल्यावर दांड्यावर एक बाण उमटला, आणि त्याखालीं १९४२. बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण. युद्धकाळीं असे पाने अगणित झाले. संग्राहक त्यांस फारसें मोल देत नाहींत. शिवाय नाशकांतच, सातपूरच्या टापरिया कारखान्याचा नवा पाना हवा तेव्हां मिळतो. त्या कंपनीनें १९६९ मध्यें स्वीडिश साह्यानेंच हत्यारें करावयास आरंभ केला. फीची आशा तेथेंच संपली.

स्नेह्यांच्या मातुःश्रींस हें सांगणें मात्र जड गेलें. त्या कांहीं वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बेचाळीस सालीं मामंजी देवळालीच्या छावणींत कारकून होते खरे. पण त्यांनीं तो विकतच घेतला असेल ना हो?"

युद्ध संपल्यावर लष्कराचा शिल्लक माल उघडपणें विकला गेला होता, एवढें आम्हांस सांगतां आलें. त्यांनीं पाना पदरानें पुसला आणि पेटींत परत ठेवला. बाकीचें लोखंड दुसऱ्या दिवशीं वजनावर गेलें.