हिशेब संध्याकाळी

गेल्या महिन्यात नातीचा सामना पाहण्यासाठी अर्धा दिवस दुकान बंद ठेवून मी मैदानावर गेलो. ती तेरा वर्षांची आहे आणि शाळेच्या सॉफ्टबॉल संघात पिचर आहे. आपल्या घराघरांत क्रिकेट सर्वांना कळते, सॉफ्टबॉल फारसा कळत नाही. म्हणून आधी थोडी ओळख करून देतो.

हा खेळ १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात जन्मला. पिचर हात खांद्याभोवती चक्रासारखा फिरवून, कमरेखालून चेंडू फेकते. महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत ती ४३ फुटांवरून फेकते. निष्णात पिचरचा चेंडू ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने जातो आणि हे अंतर पार करण्यास त्याला अर्धा सेकंदही लागत नाही. चेंडू ठरलेल्या चौकटीतून गेला आणि बॅटरने तो मारला नाही, तर ‘स्ट्राइक’; बाहेरून गेला आणि तिने बॅट फिरवली नाही, तर ‘बॉल’. चार बॉल झाले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो; त्याला ‘वॉक’ म्हणतात. क्रिकेटमधील गोलंदाजाला सहा चेंडूंनंतर उसंत मिळते. पिचरला तीन गडी बाद होईपर्यंत तेथेच उभे राहावे लागते आणि सारे मैदान तिच्याकडेच पाहत असते.

त्या दिवशी पहिले दोन डाव उत्तम गेले. तिसऱ्या डावात एक चेंडू चौकटीच्या अगदी कडेने गेला आणि पंचांनी तो बॉल ठरवला. नातीने मान हलवली. पुढचा चेंडू जमिनीवर आपटला. पाहता पाहता दोन वॉक झाले. मला राहवले नाही. दोरीपलीकडून मी ओरडलो, “बाळा, हात सरळ ठेव! आता वॉक देऊ नकोस!” तिने माझ्याकडे पाहिले. नंतरचे चारही चेंडू बाहेर गेले. प्रशिक्षक ताईंनी तिला बदलले. घरी येताना ती एवढेच म्हणाली, “आजोबा, मला आता पिचिंग करायचे नाही.” त्या रात्री ती जेवली नाही आणि पुढचे तीन दिवस सरावालाही गेली नाही.

खरे सांगायचे तर मी ताईंकडे तक्रार करायलाच गेलो होतो. त्यांनी मला बाकावर बसवले आणि म्हणाल्या, “काका, तिच्या हाताला काहीही झालेले नाही. पण त्या वेळी तिच्या मनात तीन माणसे एकदम बोलत होती. पंच, ती स्वतः आणि तुम्ही.”

मी गप्प झालो. त्यांनी शांतपणे समजावले. हजारो वेळा केलेली हालचाल अंगवळणी पडते आणि मग ती आपोआप घडते. दडपणाच्या क्षणी तिचे सुटे सुटे भाग मनात आणले, हात कसा, मनगट कसे, पाय कुठे, की तीच हालचाल अडखळते. ‘हात सरळ ठेव’ ही सूचना सरावात योग्य. सामन्यात ती अडथळा ठरते. ‘वॉक देऊ नकोस’ हे तर त्याहून वाईट, कारण त्यामुळे जे टाळायचे तेच डोळ्यांपुढे उभे राहते. मुलीला काय टाळायचे ते न सांगता काय करायचे ते सांगावे: ‘खाली, बाहेरच्या कडेला.’ तेही तिच्या कॅचरने खुणेने सांगावे, आपण नव्हे.

पिचरच्या भोवती आठ फूट त्रिज्येचे वर्तुळ आखलेले असते. ताईंनी मुलींना त्याचा एक नियम घालून दिला आहे. वाईट चेंडू पडला की वर्तुळाच्या बाहेर यायचे. राग, निराशा, जे काही वाटते ते तेथे वाटू द्यायचे. मग एक दीर्घ श्वास सावकाश सोडायचा, कुंपणाच्या एका ठरलेल्या खांबाकडे पाहायचे आणि आत पाऊल टाकायचे. आत फक्त पुढचा चेंडू. हेही सरावाने येते. म्हणून ताई सरावात कधी कधी चांगला चेंडूही मुद्दाम ‘बॉल’ ठरवतात. कधी तीन बॉल झालेच आहेत असे धरून सुरुवात करायला लावतात. अन्यायाची आणि अडचणीची सवय सामन्याआधीच व्हावी लागते.

ताई मुलींना जपानच्या युकिको उएनो यांची गोष्ट सांगतात. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये त्यांनी एकाच दिवशी दोन सामन्यांत ३१८ चेंडू फेकले. त्यातील पहिला सामना त्या अमेरिकेविरुद्ध नवव्या डावात हरल्या होत्या. तरीही त्याच दिवशी पुन्हा उभ्या राहून त्यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्धचा बारा डावांचा सामना जिंकून दिला. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत पुन्हा अमेरिकाच समोर होती. आदल्या दिवशी ज्या क्रिस्टल बस्टोस यांच्या फटक्याने घात केला होता, त्यांनीच याही सामन्यात चेंडू कुंपणापार धाडला. तरी जपान ३-१ ने जिंकला. २०२१ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, टोकियोतही त्यांनी सुवर्णपदक मिळवले.

त्या रात्री दुकान बंद करून रोजमेळ लिहिताना माझ्या लक्षात आले की ताईंनी सांगितलेले मला नवीन नव्हते. गिऱ्हाईक समोर उभे असताना आपण सकाळच्या तोट्याचा हिशेब मांडत बसत नाही. मांडला तर समोरचे गिऱ्हाईकही जाते. तोटा विसरायचा नसतो, तो लिहायचाच असतो. पण त्याची वेळ संध्याकाळची. चाळीस वर्षे गल्ल्यावर पाळलेली ही रीत मी मैदानाच्या कडेला विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी नातीला एवढेच म्हणालो, “त्या दिवशी माझे चुकले. मी ओरडायला नको होते.” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आजोबा, पुढच्या सामन्याला या. पण गप्प बसा.”

मी गेलो आणि गप्प बसलो. हे सोपे नव्हते. तिने त्याही दिवशी दोन वॉक दिले आणि संघ एका धावेने हरला. मात्र प्रत्येक वाईट चेंडूनंतर ती वर्तुळाबाहेर आली, खांबाकडे पाहिले आणि परत आत गेली. यावेळी तिला बदलावे लागले नाही. घरी आल्यावर ती जेवली आणि मग स्वतःच वही घेऊन माझ्या शेजारी बसली. कोणता चेंडू का चुकला, हे तिने एकेक करून लिहिले. मी माझा रोजमेळ लिहीत होतो.

वाचकहो, आपली मुले खेळात असोत, परीक्षेत असोत किंवा उद्या गल्ल्यावर बसोत, ती काम करीत असताना आपला आवाज कमीत कमी असावा. चूक दाखवायची तर ती जेवण झाल्यावर, त्यांनी विचारल्यावर. आणि आपली चूक झाली असेल, तर ती त्यांच्यापुढे मान्य करण्यात वडीलधारेपण कमी होत नाही.